दुसरा कंट्रोलर

बालाघाटच्या बसस्टँडवर उकव्याच्या बसची वाट पाहत होतो. मागं दोन पोरं बोलत होती.

“गेमिंग पीसी लय महाग पडते, खिलेश. तुह्याजवळ कन्सोल हाये नं?”

“विकून टाकतो.”

“काहून? टीव्हीले जोडला का सुरू. दोघं संग बसून खेळता येते.”

“म्हणूनच. पीसीवर एकटा खेळीन.”

“दादा वारल्यापासून त तू तसाही एकटाच.”

“तेरवीले मायनं त्याच्या फोटोपुढं ताट मांडलं. आवडीचं म्हणून त्याचा कंट्रोलरही ठेवला.”

“मंग?”

“तवापासून गेम लावला का दुसरा खेळाडू येते.”

“बटन अटकलं असन.”

“सेल काढून ठेवले मीनं.”

“मायले सांगितलं?”

“हौ. म्हणते, त्याले जिंकू देत जाय. हरला का जेवत नाही तो.”