कोलोनच्या पुलावरून गेलेली चावी

जबाब, दि. २४/०९/२०१४

माझे नाव जनी आनंदा कोळी, वय ५६ वर्षे, धंदा पूर्वी मासळी विक्री, सध्या घरीच, राहणार कोळीवाडा, पनवेल, जि. रायगड.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती आनंदा काशिराम कोळी, वय ६१, यांच्यासोबत राहते. ते बंदरात क्रेनवर कामाला होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. आम्हाला विनिता नावाची एकच मुलगी असून ती विवाहित आहे. पनवेलमधील एका बँकेत आम्हा दोघांच्या नावे लॉकर आहे. त्याची चावी आता आमच्याकडे नाही. लॉकर फोडायचा तर चावी कशी गेली याचा पोलिसांचा दाखला आणा, असे बँकेने सांगितल्यावरून आम्ही दोघे आज सकाळी ११ वाजता ठाण्यात आलो. पतीने दिलेल्या अर्जात 'चावी प्रवासात गहाळ झाली' असे लिहिले आहे. ते बरोबर नाही. ती मी टाकली. म्हणून माझा वेगळा जबाब घ्यावा अशी मी विनंती केली.

सदर लॉकरमध्ये माझे सोने आहे. वजरटीक, मोहनमाळ, पाटल्या व इतर. ते मला माहेरहून मिळालेले नाही आणि पतीनेही केलेले नाही. बावीस वर्षे मी पनवेलच्या मार्केटात पाटी घेऊन बसले, त्यातून एकेक डाग विनितासाठी केला. विनिताने चार वर्षांपूर्वी आम्हाला न सांगता रजिस्टर लग्न केले. मुलगा आमच्या जातीचा नाही. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पतीने लग्नाचे कळले त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे, घरात जमलेल्या माणसांसमोर, लॉकरची चावी हातात धरून शपथ घेतली. शब्द असे होते: "एकविरा आय, तुजी आन. या चावीनं लॉकर उघडून त्या पोरीला एक मनीपन देनार नाय, कुनाला देऊ देनार नाय." त्यानंतर चावी त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधली. आंघोळीलाही सोडली नाही.

पती स्वभावाने वाईट नाहीत, पण देवापुढे बोललेले मोडत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी याच देव्हाऱ्यापुढे दारू सोडली, ती आजपर्यंत कुणाच्या हळदीलाही घेतलेली नाही. त्या शपथेचे मी उपकार मानते. या शपथेचा मला संताप आहे. चार वर्षे मी सांगून पाहिले, भांडून पाहिले, अबोला धरून पाहिला. "मी काय करू, बोललोय ना आयेपुढं," एवढेच उत्तर मिळे. गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीकडे लग्न होते. विनिता एक ग्रॅमचे दागिने घालून आली. आमच्यात हळदीला बाईच्या अंगावरचे आधी बघतात, तोंड मागाहून. दोघीतिघींनी तिच्या गळ्यातले हातात धरून पाहिले आणि सोडून दिले. मी समोरच बसले होते, माझ्या गळ्यात खरे होते. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून पतीने युरोपची टूर बुक केली. मला विचारले नाही, एकदम तिकीटच दाखवले. दि. ०५/०९/२०१४ रोजी आम्ही मुंबईहून निघालो. चावी घरी ठेवली तर मी विनिताला देईन असा वहीम असल्याने ती त्यांच्या कमरेलाच होती. विमानतळावर तपासणीत कंबर वाजू लागली. शर्ट वर करून करगोटा दाखवला तरी तिथला शिपाई ऐकेना. मागे रांग खोळंबली. शेवटी पतीने चावी सोडली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. पुढे ते रोज सकाळी "चावी हाय ना?" असे विचारत आणि मी हाय म्हणत असे.

दि. ११/०९/२०१४ रोजी सकाळी १० वाजता आम्ही बसने जर्मनीतील कोलोन शहरात पोहोचलो. सोबत टूरच्या पद्मजा मॅडम व छत्तीस माणसे होती. प्रथम तेथील मोठे चर्च पाहिले. पतीने दारात बूट काढले, ते मॅडमने परत घालायला लावले. त्यानंतर अत्तराचे दुकान दाखवले. पतीने मला एक बाटली घेऊन दिली. म्हणाले, "जनमभर मासलीचा वास घेतलास, आता ह्यो घे." दुसऱ्या कुणी म्हटले असते तर मी सुनावले असते. १ वाजता डाळभात झाला. २ ते ३ या वेळेत बोटीतून ऱ्हाईन नदीत फिरवले. पाणी मातकट असून ओढ जोराची होती. मालाच्या लांबलचक होड्या चालल्या होत्या. एवढी नदी, पण कुठे जाळे दिसले नाही की मासळीचा वास नाही. पती काठावरच्या क्रेन दाखवून कुठली किती टन उचलत असेल ते मला सांगत होते. बोटीतून उतरताना त्यांनी माझा हात धरला. पनवेलला असे त्यांनी कधी केलेले नाही. मला फार बरे वाटले, हेही लिहून घ्यावे.

साडेतीनच्या सुमारास आम्हाला रेल्वेच्या पुलावर नेले. तेथील जाळीला हजारो कुलपे लावलेली आहेत. मॅडमने सांगितले की, जोडपी आपल्या नावाचे कुलूप लावतात व चावी नदीत टाकतात, म्हणजे कुणाला उघडता येत नाही. पती गाडी बघत पुढे गेले होते. मी थांबले. माझ्या मनात आले की, शपथ चावीची आहे. चावीच नसेल तर शपथ लागू कशाला? बँक लॉकर फोडेल, म्हणजे तो या चावीने उघडला असे होणार नाही. नवरा खोटा पडायला नको आणि आयपण कोपायला नको. हे चार वर्षे मला का सुचले नाही याचाच मला राग आला. मी पर्समधून चावी काढली आणि कठड्यावरून खाली टाकली. वेळ अंदाजे ३.५०. बाजूने गाडी जात असल्याने पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. शेजारच्या गोऱ्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. पद्मजा मॅडमने विचारले, "काकू, तुमचं कुलूप कुठलं?" मी सांगितले, "पनवेलला हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पतीने चावीविषयी विचारले नाही. त्यानंतरही विचारले नाही. दि. १६ रोजी घरी आल्यावर मीच सर्व सांगितले. ते देव्हाऱ्याकडे बघून म्हणाले, "बरं. बँकेत चौकशी करू."

येथे ठाणे अंमलदारांनी सांगितले की, सदर नदी आपल्या हद्दीत येत नाही, त्यामुळे फक्त नोंद करून दाखला देता येईल. त्यास माझी हरकत नाही. पत्नीविरुद्ध काही तक्रार आहे का, असे त्यांनी पतीला विचारले. पती म्हणाले, "नाय. पन मी टाकली नाय असं लिवा. आयेला ठावं पायजे." त्याप्रमाणे लिहिले आहे.

लॉकर फोडताना आमच्याखेरीज आणखी एकाने हजर राहायचे असून त्याचे नाव व पत्ता बँकेने दाखल्यात मागितला आहे. मी मुलीचे नाव सांगितले. पत्ता मला तोंडपाठ नाही, म्हणून मी पर्समध्ये चिठ्ठी शोधत होते. तेवढ्यात पती भिंतीकडे बघत म्हणाले, "लिवा. विनिता शैलेश सावंत. श्रीकृपा बिल्डिंग, दुसरा माला, खोली नंबर नऊ, द्रोणागिरी. मानूस पाठवलात तर त्याला सांगा, बेल दाबत उभा राऊ नको. ती वाजत नाय. कडी वाजवायला लागते."

चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून मुलीचे नाव ऐकले नव्हते. ते त्या दारापर्यंत जाऊन आल्याचे मला माहीत नव्हते, विनिताही तसे कधी बोलली नाही.

हे सर्व मला मराठीत वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. पतीने सांगितलेला पत्ता मी चिठ्ठीशी ताडून पाहिला, तो बरोबर आहे. बेलबद्दलचे म्हणणेही खरे आहे, ती दिवाळीपासून बंद आहे.

सही
जनी आनंदा कोळी