बसणारी बाई

...आणि वर मलाच विचारतो, "आजी, तुम्ही दिवसभर बसूनच असता का?" आता तुम्हीच सांगा, वर्सोव्याच्या बाजारात जी बाई उभी हयात बसली, तिला हा प्रश्न विचारायचा? म्हटलं, हो रे बाबा, बसूनच असते. माझी सासू बसायची, तिची सासू बसायची. तर तो फिजिओ शिकणारा पोरगा, कृणाल नाव त्याचं, शर्टाच्या खिशात चार पेनं, तो तोंड पाडून म्हणतो, "म्हणजे घरात सगळ्यांनाच ही सवय आहे?" सवय? अरे, मान आहे तो. मी बसणारी बाई हो, बसणारी.

तुम्हाला नाही कळणार, थांबा, सांगते. आमच्या कोळणींत एक असते फिरणारी आणि एक बसणारी. फिरणारी म्हणजे डोक्यावर पाटी, पार्ल्याच्या बिल्डिंगी, तीन-तीन जिने चढायचे आणि वरून बाई म्हणणार, "आज बोंबील नाहीत? मग राहू दे." मी केलंय ते. लग्नानंतर किती वर्षं केलंय. बसणारी म्हणजे बाजारात स्वतःची ठरलेली जागा, गिऱ्हाईक चालत तिच्याकडे येणार. मग सासूनं एक दिवस बाजारातला आपला पाट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मंजुळे, आजपासून तू बस." त्या रात्री माझ्या नवऱ्यानं गल्लीत पेढे वाटले. तुमच्यात पोरगा साहेब होतो ना, तसं आमच्यात बाई बसते.

आता झालं काय, की गेल्या पावसाळ्यात माझ्या काळजात डॉक्टरांनी जाळी बसवली, स्टेंट म्हणतात ती. कोळणीच्या काळजात जाळी, आहे की नाही गंमत? साखर आधीपासून होतीच, गुडघे तर विचारूच नका, कुरकुरीत सुक्या मांदेलीसारखे वाजतात. घरी आले तशी माझा मुलगा नंदू म्हणायला लागला, "आये, बाजार बास आता. घरात बस." घरात बस म्हणे. घरात काय बसायचंय, भिंतीला मासे विकू? आणि तिकडे माझ्या जागेवर माझी जाऊ जयंती आपला पाट टाकून मोकळी. म्हणते, "तुझीच जागा राखतेय गं." मांजर पापलेट राखतं, तशी.

रोज भांडण. शेवटी नंदू म्हणाला, "त्या फिजिओच्या कॉलेजात पोरांना शिकवायला म्हातारे पेशंट लागतात. तिथल्या मॅडम सांगतील ते ऐकशील?" मी रागाच्या भरात म्हणून गेले, ऐकेन. कोळणीचा शब्द. मॅडम 'नको' म्हणाल्या, तर जागा जयंतीची. अशी मी स्वतःच्या पायानं जाळ्यात गेले बघा.

तर तो वर्ग. मधे खुर्चीत मी, भोवती पांढऱ्या कोटातली पोरं, जशी बर्फाच्या पेटीभोवती गिऱ्हाइकं. रुचिरा मॅडम त्यांना शिकवतायत, "व्यायाम म्हणजे औषध. नुसतं 'चालत जा' सांगून भागत नाही. गोळीसारखा डोस लिहून द्यायचा. कुठला, किती, कितीदा, किती जोरात." मला म्हटलं तर पटलं. नाहीतर आमचा गल्लीतला डॉक्टर, मान वर न करता, "चालत जा, आजी, चालत जा." कुठं जाऊ? खाडीपलीकडे मढला?

मग कृणाल उभा राहून वाचून दाखवतो, "पेशंट पूर्णपणे बैठी आहे. सासूही बैठी होती. सकाळी बागेत फिरणं, खुर्चीतले व्यायाम, आणि मुख्य म्हणजे बसणं बंद."

बसणं बंद. ऐकलंत? मागे नंदू उभा होता, त्याचा चेहरा कसा उजळला म्हणता. "आये, ऐकलंस ना? बसणं बंद." मी म्हटलं, बंद करणारा तू कोण रे? माझ्या गुडघ्याला विचार, काळजाला विचार. मी बसणारी बाई हो, बसणारी.

मॅडम म्हणाल्या, "आजी, आधी ताकद बघू. हात छातीवर बांधा, खुर्चीतून उठा, बसा, जमेल तितकं. आणि बोलत राहा. बोलता येतंय तोवर ठीक. आरामात गाता आलं तर व्यायाम कमी पडतोय, आणि बोलताच आलं नाही तर जास्त झाला." मला बोलत राहा! हे म्हणजे माशाला पोहायला सांगणं. झालं, मी सुरू. उठले, जयंतीला शिव्या, बसले, नंदूला शिव्या. पोरं हसतायत. मला आला चेव. म्हटलं, गाता आलं तर कमी ना? मग गातेच. नाखवाचं गाणं धरलं, वर उठता उठता आवाज चढवला, नंदूकडे बघितलं, बघ म्हटलं, ही तुझी आजारी आय... आणि उठले, बसले, उठले...

"आजी, थांबा."

मागच्या बाकावरची पोरगी, श्रुतिका. पुढे आली, मला बसवलं, मनगट धरलं. "मॅडम, या गप्प झाल्या."

खरंच की. गाणं कधी थांबलं, माझं मलाच कळलं नव्हतं. तोंड उघडं आणि आवाज नाही. आयुष्यात पहिल्यांदा. नंदू धावत आला, पाण्याची बाटली उघडायची सोडून नुसता "आये, आये" करत माझी पाठ चोळत राहिला. तेव्हा कळलं, पोरगा जागेसाठी भांडत नव्हता, घाबरला होता मेला.

दम खाली बसल्यावर श्रुतिका विचारते, "एवढं कशासाठी ताणलंत, आजी? तुम्हाला नक्की करायचंय काय?"

मी म्हटलं, "बसायचंय."

सगळा वर्ग हसला. ती नाही हसली. म्हणाली, "कुठे?"

हा प्रश्न, बघा. डॉक्टर झाले, फिजिओ झाले, पोटचा पोरगा झाला, कोणी 'बस' म्हणे, कोणी 'बसू नको', पण कुठं म्हणून कोणी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं सगळं. फिरणारी, बसणारी, सासूचा पाट, जयंती. कृणालनं गुपचूप आपलं लिहिलेलं खोडलं, आणि वर म्हणाला, "सॉरी, आजी, मला वाटलं सोफ्यावर."

मॅडमनी पोरांना सांगितलं, "आता आजींच्या बाजारातून व्यायाम काढा." तासभर डोकी खाजवली त्यांनी. नंदूपण मधे तोंड घालायला लागला, "पाटी मी नेईन." मग सगळं कागदावर लिहून मॅडमनी सही ठोकली. बाजारात जायचं. घरून बाजारापर्यंत बोलत बोलत चालायचं, गाणं नाही. छातीत जरा जड वाटलं, की थांबायचं आणि लपवायचं नाही. आणि पाट बंद, गुडघ्याला नको. बसायला उंच स्टूल, मासे मांडायला उंच फळी.

जिंकले की नाही? दुसऱ्याच सोमवारी गेले, जयंतीला म्हटलं, ऊठ. उठली बिचारी, शेजारी सरकली. मी पदर खोचला, स्टुलावर टेकले, आणि आमच्या नंदूनं कागदातलं शेवटचं कलम मोठ्यानं वाचलं, गिऱ्हाइकांसमोर: "दर गिऱ्हाइकाला उभं राहायचं."

आणि माझ्याकडे गिऱ्हाईक किती, माहितीय ना? मिनिटभर टेकू देत नाहीत. जरा कुठं विसावले, की शेजारून जयंती, मी सोडलेल्या सासूच्या जुन्या पाटावर मांडी ठोकून, "ए मंजुळे, ऊठ, औषध घे."

इतकी भांडले, जागा मिळवली... आणि आता अख्ख्या बाजारात उभी कोण? मीच. बसणारी बाई हो, बसणारी.