मी न हुंगलेली पट्टी

सर्र… टक्.

आधी हा आवाज ऐका, मग बाकीचं. इंजिनमधलं ऑइल मोजायची पट्टी नळीतून बाहेर येते तेव्हा सर्र, आणि पुसून परत आत बसते तेव्हा टक्. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी, मी फावड्यानं बर्फ ओढून गॅरेजचं शटर वर केलं, तर आत हा आवाज आधीच चालू होता. आदल्या दिवशी कामावर ठेवलेला माणूस मागच्या दारानं येऊन रांगेतल्या गाड्या तपासत होता. मी म्हटलं, "अरे, चहा तरी घे." तर म्हणाला, "ही एवढी झाली की घेतो, मालक." ती एवढी कधी झालीच नाही.

पण भाषण असं एकदम सुरू करायचं नसतं. चुकलो. आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी संघाचे प्रमुख माननीय आरासे-सान. व्यासपीठावर विराजमान झालेल्या नगरपालिकेच्या सन्माननीय प्रतिनिधी ओइकावाबाई. आजचे सत्कारमूर्ती, गॅरेजमधून निवृत्त होणारा तोच पट्टीवाला माणूस, कुरोसाका तामोत्सु. त्यांच्या सौभाग्यवती योशिए-सान. माझे जावई, जे आता गॅरेज सांभाळतात आणि मला पाना उचलू देत नाहीत. आणि भर मार्चात पुन्हा पडायला लागलेल्या या बर्फातून वाट काढत आलेल्या बंधुभगिनींनो, मी नुमाकुरा एइझो आपणां सर्वांना नमस्कार करतो.

थोडं टेकून बोलतो. गुडघे ऐकत नाहीत. या सभागृहात गेल्या पाच वर्षांत मी अकरा निरोप दिले. शाळेला दिला, सार्वजनिक स्नानगृहाला दिला, बसच्या शेवटच्या फेरीलाही दिला. माणूस निरोप देऊन देऊनसुद्धा दमतो, हे मला तरुणपणी कुणी सांगितलं नव्हतं.

काय म्हणालात, कामेया-सान? "आता कविता येणार"? येणारच! मासे विकणाऱ्यानं मासे आणायचे, म्हाताऱ्यानं कविता. चौथीत बाईंनी आम्हाला खिडकीशी उभं करून सांगितलं होतं, बाहेर दिसतं ते लिहा. मी लिहिलं होतं:

बर्फाखाली वाट निजली,
वाटेखाली पाणी जागं.

बाईंनी वहीवर लाल फूल काढलं होतं. आयुष्यात मला मिळालेलं तेवढंच बक्षीस. पण त्या दोन ओळींचा अर्थ मला कळला तो साठी ओलांडल्यावर, आणि तोही एका गाडीच्या ऑइलमुळे. हसू नका. तेच सांगायला उभा आहे.

आपल्या गल्लीत पहिली हायब्रिड गाडी आली ती मिनेगिशी तोमिएवहिनींची. आठवते ना? पांढरी, मांजरीसारखी बिनआवाजाची. मागून आली की माणूस दचकायचा. पुढे वहिनींच्या यजमानांना, मिनेगिशी-सानना, नदीपलीकडच्या दवाखान्यात ठेवलं आणि वहिनींच्या दिवसाला दोन फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. अंतर दोन किलोमीटर. त्या गाडीचं इंजिन हीटरसाठी जरा जागं व्हायचं, घुरघुरायचं, गरम व्हायच्या आत दवाखान्याचं फाटक यायचं, की पुन्हा गप्प. अख्खा हिवाळा हेच.

कुरोसाका दर महिन्याला पट्टी काढून बघायचा. वहिनी शेजारी उभ्या राहून फुशारकी मारायच्या, "बघा, लोकांच्या गाड्या ऑइल पितात. माझी साठवते! दर वेळी थोडं वरच. नवऱ्यापेक्षा काटकसरी निघाली."

कुरोसाका हसला नाही. म्हणाला, "वहिनी, वाढतंय ते ऑइल नव्हे. महिन्यातून एकदा तरी गाडी लांब न्या. घाट ओलांडून सेन्दाई शहरापर्यंत जाऊन या. इंजिन चांगलं तापू दे. आणि हे ऑइल आजच बदलू."

"किलोमीटर तरी कुठे झालेत बदलायला? आणि लांब कशाला जाऊ मी? माझा माणूस इथे आहे."

कुरोसाकानं पट्टी पुसली नाही, तशीच हातात ठेवली.

मग तो पट्टी घेऊन माझ्याकडे आला. माझ्या नाकासमोर धरली. "मालक, वास घ्या." मी कागदपत्रांत डोकं घालून बसलो होतो. म्हटलं, "लेव्हल वर आहे म्हणजे तूच जास्त ओतलंस. दुसरं काय? आणि किलोमीटर भरल्याशिवाय गिऱ्हाइकाला ऑइल बदलायला लावू नकोस, लोक आपल्याला लुटारू म्हणतील." तो म्हणाला, "एकदा वास घ्या फक्त." मी म्हटलं, "शटरपाशी बर्फ साचलाय, तो ओढ."

मंडळी, नाकापासून पट्टी वीतभर लांब होती. मान पुढे करायची होती, एवढंच.

फेब्रुवारीत एका दुपारी दवाखान्यातून वहिनींना फोन आला, लगेच या. पुलाच्या चढावर गाडीचा लाल दिवा लागला, इंजिनातून खडखड ऐकू आली, गाडी बॅटरीवर थोडी सरपटली आणि उभी राहिली. उरलेली वाट वहिनी बर्फातून चालत गेल्या. पोचल्या तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. मिनेगिशी-सान गेले होते.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी, काळ्या कपड्यांतच, त्या गॅरेजमध्ये आल्या. तुमच्यापैकी निम्मे तिथे होतात. "माझ्या गाडीला काय केलंत?" असं त्यांनी विचारलं. मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, लेव्हल खुणेच्या बोटभर वर. आणि मी, या गॅरेजचा मालक, सगळ्यांदेखत म्हणालो, "आमच्या कुरोसाकानं ऑइल जास्त ओतलं. क्षमा असावी."

का बोललो? आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. चूक एकवेळ माफ होते, सबब माफ होत नाही. कुणीतरी वाकायला हवं होतं. कुरोसाकानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकून कपाळ लावलं. दुसऱ्या दिवशी जांभळ्या कापडात बांधून चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या दारी गेला. त्यांनी दार उघडलं नाही. डबा दोन दिवस पायरीवर पडून होता, वर बर्फ साचत होता; तिसऱ्या दिवशी दिसला नाही, कापडही परत आलं नाही.

त्यानंतर चौदा वर्षं लोक यायचे आणि हळूच म्हणायचे, "कुरोसाका नको, दुसरा कुणी बघेल का?" अध्यक्षमहाराज, तुम्हीही म्हणालात. मान खाली घालू नका. तुम्हाला तसं म्हणायला मीच शिकवलं होतं.

त्या फेब्रुवारीनंतर तीन वर्षांनी आम्हा गॅरेजवाल्यांना शिकवायला कुणी एक बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर इंजिन काढलं आणि सांगितलं, थंड मुलखात हायब्रिड गाडी रोज जरा जरा चालवली की इंजिन तापत नाही. गार इंजिनात न जळलेलं पेट्रोल ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. तापलं असतं तर उडून गेलं असतं. तापत नाही, म्हणून साठतं. लेव्हल वाढते, माणूस खूश होतो, आणि ऑइल मात्र पाण्यासारखं पातळ होऊन आतलं लोखंड खात राहतं.

बर्फाखाली वाट निजली, वाटेखाली पाणी जागं. मी समोरचा चहा न घेताच निघालो.

परत येऊन कुरोसाकाला विचारलं. त्यानं कपाटातून लोणच्याची एक बरणी काढली. तळाशी काळं ऑइल. त्या गाडीतलं, जपून ठेवलेलं. झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. या खेपेला मी मान पुढे केली. पेट्रोल, मंडळी. नाक चोंदलेला माणूससुद्धा ओळखेल, इतकं पेट्रोल.

मी ओरडलो, "मग त्या दिवशी बोलला का नाहीस? बरणी घेऊन त्यांच्या घरी का गेला नाहीस?"

तो म्हणाला, "जाऊन काय सांगू, मालक? की वहिनी, तुम्ही रोज दोनदा नवऱ्याला भेटायला गेलात, म्हणून इंजिन गेलं? त्यापेक्षा माझ्या हातून जास्त ओतलं गेलं, हेच बरंय. मला काय, मी पाने धुऊन घरी जातो. त्यांना त्या घरात एकटीनं राहायचंय."

आणि माझ्याकडून वचन घेतलं. मी अकरा वर्षं पाळलं. पाळलं म्हणजे काय, ते मला सोयीचंच होतं. खरं सांगायचं तर चूक वहिनींची नव्हतीच. त्यांना सांगायला माणूस होता, त्या माणसाला गप्प बसवणारा मी होतो.

कुरोसाका, माझी बाही ओढू नकोस. फाटेल, जुनी आहे. चार वर्षांपूर्वी वहिनी लेकीकडे सेन्दाईला राहायला गेल्या. त्यांच्या कानावर जाणार नाही, म्हणून आज वचन मोडतोय. तू या सभागृहातून तो डाग घेऊन बाहेर पडलास, तर मला बारावा निरोप देता येणार नाही. मंडळी, नीट ऐका: या माणसानं एक थेंब जास्त ओतला नव्हता.

झालं. दमलो. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी किती खाल्ली ते विचारू नका. अरवीचा रस्सा ढवळत ताटकळलेल्या महिला मंडळाचे आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. योशिए-सान, घरी परतलेल्या मुक्या माणसाला एवढी वर्षं गरम जेवण वाढलंत, तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू? बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर या थकल्या जिभेला पदरात घ्या आणि…

काय झालं? कामेया-सान, दाराशी कोण आहे? गाडीचा आवाज तर आला नाही.

सेन्दाईची नंबरप्लेट? आणि काय म्हणता… बॉनेटवर पडलेला बर्फ टिकत नाही, लगेच वितळतोय?

म्हणजे चांगली तापून आलीय. घाट ओलांडून.

सरका, सरका जरा, वाट द्या त्यांना. वहिनी… बूट राहू द्या, तसंच या आत. कॉरिडॉरमध्ये माइक ऐकू जातो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कधीपासून उभ्या होतात? आणि हातात ते जांभळं कापड…

कुरोसाका, तू बस. उठायचं नाही, वाकायचं तर मुळीच नाही.

वहिनी, एक क्षण. तो डबा त्याच्या हातात देण्याआधी मला खाली येऊ द्या. कुणीतरी माइक धरा. मला पायऱ्या उतरायला वेळ लागतो.