रोज संध्याकाळी एक वाडगा

आहारतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर भलीमोठी पर्स होती.

"ताई, दोन महिने नुसतं सूप पितेस आणि वजन जागचं हलत नाही?"

"नाही हलत. मी तरी काय करू?"

"मग सोड की ते सूप."

"सोड काय सोड! तुझे भावजी करतात."

"भावजी? त्यांना गॅस तरी पेटवता येतो का?"

"आता गाजरं किसतात. सहा वाजले की ॲप्रन बांधून उभे. मी आत डोकावले तर ओरडतात, तू बाहेर बस."

"आणि चव?"

"कसली चव! कोमट पाणी नुसतं. मीठ तर रोज विसरतात. वर समोर बसून विचारतात, कसं झालंय? एकतीस वर्षं मी वाढलं, यांनी कधी ताटातून मान वर केली नाही."

"मग तू काय सांगतेस?"

"कालच्यापेक्षा बरं आहे म्हणते. की लगेच, उद्या काय घालू? नऊ वाजेपर्यंत गप्पा चालतात."

"किती दिवस चालणार हे?"

"पाच किलो उतरले की सूप बंद, असं बाई म्हणाल्यात."

"पण तुझा ड्रेस केवढा ढगळ झालाय गं!"

"धुऊन धुऊन सैल पडलाय."

आतून हाक आली, "वजनाला कोण आहे? या."

"ताई, पर्स दे, मी धरते. अगं बाई! मागच्या खेपेपेक्षा जड झालीय ही!"

"व्हायलाच हवी. आण इकडे, खांद्यालाच असू दे."