यंत्रसंजीवनी पहिली कशी आली

काका: हे बघ, पहिला! ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ टाकलं की सगळ्यात वर कोण? यंत्रसंजीवनी. आणि तू म्हणतेस साइट चालत नाही.

पुतणी: काका, हा तुमचा फोन आहे.

काका: मग काय शेजाऱ्याचा आणू?

पुतणी: तुम्ही उठता-बसता स्वतःचंच दुकान उघडून बघता. फोनला वाटतं, या माणसाला दुसरं काही नकोच आहे, हेच दाखवा.

काकू: हुशार आहे फोन. मला हे कळायला लग्नानंतर वर्ष गेलं.

पुतणी: काकू, तू तुझ्या फोनवर शोध बघू.

काकू: थांब, चष्मा… हां. पहिले आले मशीन भाड्याने देणारे. मग कात्र्यांना धार. मग… अगंबाई, हे तर भाऊजींचं दुकान! काय छान आलाय फोटो.

काका: त्याच्या फोटोचं कौतुक करायला तुला बोलावलेलं नाही. पुढे बघ.

काकू: पुढे शिवणक्लास, सुयांचा घाऊक व्यापारी, आणि कोणी एक मोटारीच्या सीट कव्हरवाला. पान संपलं. दुसरं पान… नाही. तिसरं… हं, आलात बाई एकदाचे. सगळ्यात तळाशी.

काका: तुझा फोन जुना झालाय.

काकू: फोन कशाला जुना होतोय! हरलात तुम्ही. आता मुकाट्याने उठा आणि जा मागच्या गल्लीत.

पुतणी: म्हणजे आमच्याकडे? कशाला?

काकू: तुझ्या बाबांनी सांगितलं नाही तुला? पैज लागलीय दोघा भावांची. इतकी वर्षं एका दुकानात, एका टेबलावर मशिनी उघडल्या. आणि एका गिऱ्हाइकाच्या मशीनवरून बिनसलं. भाऊजी म्हणाले, पूर्ण खोलून बघू. हे म्हणाले, खोलायचं नाही, आवाजावरून मला कळलंय.

काका: कळलंच होतं!

काकू: कोणाचं बरोबर होतं ते देव जाणे, तोवर गिऱ्हाईक मशीन उचलून निघून गेलं. दोन भाऊ, दोन दुकानं. आणि मग हा शहाणपणा. लोकांना ठरवू दे म्हणे. गुगलवर ज्याचं दुकान खाली, त्याने वरच्याच्या दुकानात यायचं आणि ‘तुझं बरोबर होतं’ म्हणायचं. तोवर एकमेकांशी बोलायचं नाही.

पुतणी: म्हणून तू मला बोलावलंस.

काकू: मग काय करू? घरात रोज त्याच विषयाचं दळण. झोपेतसुद्धा ‘वर घ्या, वर घ्या’ ओरडतात.

काका: मी जाणार नाही. एकदा गेलो की जन्मभर ऐकवेल. तू मला वर आण, चिंगे. पण तू त्याची मुलगी. फितुरी केलीस तर?

पुतणी: काका, मी दहा जणांच्या साइट बघते. एका शवपेटीवाल्याचीही बघते. त्याच्याशीही मी प्रामाणिक असते. दाखवा साइट.

काका: ही बघ. ‘यंत्रसंजीवनी: सीवनयंत्रांचा सर्वांगीण कायाकल्प.’ स्वतः लिहिलंय.

पुतणी: वर येतंय काहीतरी… पंखा दिसतोय.

काका: माझा फोटो आहे तो. मोठा टाकलाय, स्पष्ट दिसावा म्हणून.

पुतणी: इतका मोठा आहे की वरून खाली हळूहळू उतरतोय. आधी पंखा, मग भिंत, आता कपाळ आलं. भुवयांपर्यंत पोचेस्तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं.

काकू: भुवया दिसल्या असत्या तरी गेलंच असतं.

पुतणी: पत्ता कुठे आहे?

काका: पत्ता कशाला? सगळ्यांना माहीत आहे दुकान.

पुतणी: ज्यांना माहीत आहे ते शोधतील कशाला? बरं, वेळ? ‘सकाळपासून.’ कधीपर्यंत?

काका: कंटाळा येईपर्यंत. तसं लिहिणं बरं दिसलं नसतं.

पुतणी: आणि हे खाली एवढं पांढरं काय आहे? सरकवतेय, सरकवतेय, संपतच नाही.

काका: हळू बोल. ते गुपित आहे. तो नाक्यावरचा झेरॉक्सवाला आहे ना, त्याने सांगितलं. ‘शिलाई मशीन’ हे शब्द जितके जास्त, तितका नंबर वर. पण तेच तेच वाचून लोक कंटाळतील ना? म्हणून पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं. तीन दुपारी गेल्या त्यात.

काकू: तरीच! मी म्हणायची, हा माणूस रिकाम्या पडद्याकडे बघून एवढा टायपतोय काय?

पुतणी: काका, माणसाला दिसत नाही, पण गुगलला दिसतं. आणि त्याला ही लबाडी आवडत नाही. म्हणूनच तुम्हाला सीट कव्हरवाल्याच्याही मागे टाकलंय.

काका: लबाडी काय त्यात? शिलाई मशीनच लिहिलंय. शिव्या नाही लिहिल्या.

पुतणी: ते आधी पुसायचं. आणि मला सांगा, ‘सीवनयंत्र’ हा शब्द कोण शोधणार आहे?

काका: सुसंस्कृत माणूस.

पुतणी: काकू, फोन तू उचलतेस. लोक काय म्हणतात?

काकू: म्हणतील काय? ‘अहो, मशीन दोरा तोडतंय.’ ‘खालून सगळा गुंता येतोय.’ एक बाई तर नुसतं ‘खडखड खडखड’ म्हणाली आणि रडायलाच लागली. लग्नाचे कपडे शिवायला घेतले होते बिचारीने.

पुतणी: बस, हेच शब्द. माणूस फोनमध्येही तेच लिहितो. कायाकल्प कोणालाच नको असतो, दोरा तुटायचा थांबायला हवा असतो.

काका: ती तक्रारीची भाषा झाली. साइटला काही अब्रू नको?

काकू: अब्रू तळाशी बसलीय तिसऱ्या पानावर.

काका: ठीक आहे, ठीक आहे. पण मग तुझ्या बापाचं एवढं वर कशामुळे? त्याच्या साइटवर काय आहे असं?

पुतणी: उघडून बघा की.

काका: मी? मी उघडली तर त्याचं एक गिऱ्हाईक वाढलं असं धरतील. अजून बोट लावलेलं नाही मी.

पुतणी: साइट साधीच आहे त्यांची. पण त्यांच्या दुकानाखाली एकाने अभिप्राय लिहिलाय, त्यावर लोक अक्षरशः तुटून पडलेत. वाचून दाखवू?

काका: नको. आपल्याला काय करायचंय लोकांच्या अभिप्रायांशी?

काकू: वाच, वाच.

पुतणी: ‘पाचापैकी दोनच तारे. अत्यंत हट्टी माणूस. आज देतो म्हणून चार दिवस लावतो. साधं तेल घालायला न्यावं, तर शेवटचा स्क्रू काढल्याशिवाय याला चैन पडत नाही. खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलच्या मागे वर्षानुवर्षं साठलेला कापूस काडीने कोरून काढत बसतो, जो कोणी बघणारही नसतो. दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा बिघडतच नाही, त्यामुळे गिऱ्हाईक परत येत नाही. धंदा असा करतात का? मूर्ख आहे.’

काकू: अहो.

काका: काय?

काकू: तुमचे कान लाल झालेत.

काका: उकडतंय.

काकू: ‘काडीने कोरून काढत बसतो.’ गिऱ्हाईक काय शटलमध्ये बसून बघत होतं?

काका: बरं, लिहिलं मी! दोन तारे द्यायचे तर काहीतरी वाईट लिहावं लागतं ना? मी बसलो वाईट आठवत. खूप वेळ बसलो. एवढंच आठवलं.

पुतणी: काका, ते वाचून लोक पार गावाबाहेरून येतायत बाबांकडे. एक जण म्हणाला, असा मूर्ख मेकॅनिक मी किती वर्षं शोधतोय.

काकू: धन्य आहे. भावाला बुडवायला निघाले आणि जाहिरात करून आले.

काका: मी खोटं लिहायला हवं होतं.

काकू: लिहा की मग. अजून वेळ गेलेली नाही. लिहा, ‘काम कच्चं आहे.’

काका: … कच्चं कसं लिहू? काम कच्चं नाहीये त्याचं.

पुतणी: जाऊ दे. आता तुमच्याबद्दल लिहू. मी टाइप करते, तुम्ही सांगा. मशीन दोरा का तोडतं?

काका: शंभर कारणं.

पुतणी: पहिलं सांगा.

काका: सुई उलटी लावलेली असते! सुईला एक बाजू चपटी असते, ती नेमकी कुठे हवी ते मशीनबरोबरच्या चित्रात दिलेलं असतं. पण ते चित्र लोक सगळ्यात आधी फेकतात. उलटी सुई सरळ करा, दोरा तुटायचा थांबेल. एवढ्यासाठी मशीन उचलून माझ्याकडे आणू नका, कंबर धरेल.

पुतणी: वा! पुढे.

काका: हे लिहू नकोस, वेडे! गिऱ्हाईक घरच्या घरी सुधारेल आणि मी माश्या मारत बसेन.

पुतणी: ज्याची सुई सरळ करूनही दोरा तुटला, तो कोणाकडे जाईल? ज्याने फुकट खरं सांगितलं त्याच्याकडेच ना?

काका: … मग पुढचं लिही. खालून गुंता येत असेल तर दोष वरच्या दोऱ्यात असतो, खालच्या नाही. कापड दाबणारा पाय आधी वर करा, मग दोरा ओवा. पाय खाली ठेवून ओवला तर दोरा नुसता बसल्यासारखा दिसतो, बसत नाही. आणि खडखड आवाज येत असेल तर मशीन थांबवा, रडू नका, फोनवर मला आवाज ऐकवा. लिहिलंस? ‘रडू नका’ लिही हं.

काकू: आणि पत्ता टाक. आणि वेळ. आणि फोटो बदल, भुवया कमी असलेला घे.

(काही आठवड्यांनंतर. तेच दुकान, भर दुपार.)

काका: दाखव. पुन्हा दाखव. तुझ्या फोनवर पण?

पुतणी: माझ्या फोनवर, काकूच्या फोनवर, त्या झेरॉक्सवाल्याच्या फोनवरसुद्धा. ‘मशीन दोरा तोडतंय’ टाकलं, तुम्ही पहिले. ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ टाकलं, तरी पहिले.

काका: आणि तो?

पुतणी: बाबा तुमच्या खाली.

काका: खाली! ऐकलंस का गं? खाली! आता यावं लागेल त्याला. इथे उभं राहावं लागेल, या टेबलापुढे. मी लगेच वर बघणार नाही. काम करत असल्यासारखा बसेन. तो स्क्रू-ड्रायव्हर कुठे गेला?

काकू: हातात आहे तुमच्या.

काका: आपलं लिखाणच तसं होतं. सुईची चपटी बाजू! लोकांना भिडलं ते.

पुतणी: भिडलं खरं. पण एवढ्याने इतक्या लवकर पहिला नंबर येत नाही, काका. दुसऱ्या कोणाच्या तरी साइटने तुमच्याकडे बोट दाखवावं लागतं. ज्या दुकानाला मान आहे, त्याने म्हणावं लागतं की इकडे नको, तिकडे जा. गुगल ते धरतं.

काका: मग दाखवलं असेल कोणी. शिवणक्लासवाल्यांनी?

पुतणी: त्यांनी नंतर. आधी बाबांनी.

काका: कोणी?

पुतणी: तुम्ही त्यांची साइट उघडत नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही. पहिल्याच पानावर लिहिलंय. ‘मशीन दोरा तोडत असेल, आवाज करत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी इथे वाचा. हे माझ्या धाकट्या भावाने लिहिलंय. त्याला मशीन न उघडता कळतं. मला उघडावं लागतं.’ त्यावर बोट ठेवलं की तुमची साइट उघडते.

काकू: वाच ते परत.

काका: नको वाचू. कळलं मला. पण… त्याला अक्कल आहे का? अशाने तो खाली जाणार. पैज हरणार.

पुतणी: काका, ते मला रोज विचारत होते, ‘आज मी किती खाली गेलो?’ तुमचा तो दोन ताऱ्यांचा अभिप्राय आल्यापासून ते इतके वर गेले होते की रडकुंडीला आले. म्हणाले, हा गाढव मला खाली येऊच देत नाही.

काका: पण हरायचं कशाला?

पुतणी: जो खाली, त्याने यायचं असं ठरलं होतं ना? त्यांना यायचं होतं.

काकू: अहो. अहो, काय झालं? पाणी देऊ?

काका: काढ ते! चिंगे, काढून टाक सगळं! पांढरी अक्षरं परत घाल, पंखा घाल, कायाकल्प घाल! मला खाली ने. मी जातो त्याच्याकडे. मोठा आहे तो, त्याने का यायचं?

पुतणी: आता लगेच नाही होत, काका. खाली जायलासुद्धा दोन-तीन आठवडे लागतात.

काका: दोन-तीन आठवडे मी काय करू? मला आत्ता बोलायचंय त्याच्याशी!

पुतणी: मग बाहेर बघा. समोर त्या खांबाजवळ उभे आहेत. माझ्याबरोबरच आले. म्हणाले, तू पुढे हो, मी जरा वाक्याची तयारी करतो.

काकू: आणि तू हे आत्ता सांगतेस? अहो, खरंच आहेत. ओठ हलतायत. पाठ करतायत बिचारे.

काका: काय पाठ करतोय?

पुतणी: ‘तुझं बरोबर होतं.’ ठरलंय ना तसं?

काका: काही नको म्हणायला त्याने. ते मशीन… खोलायलाच हवं होतं ते मशीन. मला तेव्हाच कळलं होतं. बाजूला सर, मला जाऊ दे दारात.

काकू: स्क्रू-ड्रायव्हर तरी ठेवा हातातला! मारायला आलात असं वाटेल.

काका: दादा! ए दादा! उन्हात काय उभा राहिलायस? आत ये.