टोपी ओढायची नसते, सरकवायची असते

मी मूळची फुलंब्रीकडची, ताई. मोबाईलात रेकॉर्डिंग चालू हाय ना तुमचं, मंग सांगते. आमच्या गावात तव्हा एकच जीप व्हती, ती आली की आमी लेकरं तिच्या मागं धुरळ्यात पळायचो, तेवढाच माझा आन गाडीचा संबंध. शाळा सातवीपोतर झाली, मंग लग्न झालं आन चिकलठाण्याला आले. आमचे मालक एका कंपनीत वॉचमन. दोन पोरी झाल्या, पोरी शाळंत जायला लागल्या तशी मी बी कामाला लागले, गाड्यांचे दरवाजे जोडायची कंपनी व्हती तिथं. दरवाजाला आतून जे प्लास्टिक असतंय ना, त्याला पॅड म्हनतात, ते पॅड बसवायचं, स्क्रू मारायचा आन स्क्रू दिसू नये म्हनून त्याच्यावर एवढीशी टोपी दाबायची, नखाएवढी. मला टोपीचं काम दिलं. आता तुम्ही म्हनताल टोपीत काय हाय. लई हाय, ताई. टोपीच्या एका अंगाला आकडा असतो, तो आधी आत घालायचा, मंग दुसरं अंग दाबायचं, की त्या अंगाची कुंडी, म्हंजी खटका, बसती, टक. आवाज बारीक आला तर कुंडी बसली नाय समजायचं. मशीन चालू असायचे, एवढा गोंगाट, पन मला तो टक ऐकू यायचा. सहा वर्षं ऐकला मी.

मंग कंत्राट बदललं आन आमाला सगळ्या बायांना घरी बसवलं. काय सांगू तुम्हाला, घरात बसायची सवय मोडलेली माझी, भिंती खायला उठायच्या. शेजारच्या बाईनं सांगितलं, हर्सूलच्या रोडला सलीमभाईचं गॅरेज हाय, तिथं गाड्या धुवायला मानूस पाहिजे. गेले. सलीमभाई मानूस चांगला, नमाजी, हाताचा कारागीर, इंजनाचा आवाज ऐकून दुखनं सांगनारा. पन मला त्यानं बादली आन फडकं दाखवलं आन म्हनला, सुमनबाई, ये तुम्हारा. मी बी कंपनीचं काय बोलले नाय. त्यानं विचारलं नाय, मी सांगितलं नाय. दोन वर्षं तशीच गेली. आन या दोन वर्षांत, ताई, किती टोप्या फुटताना बगितल्या मी. पेचकस, म्हंजी स्क्रू ड्रायवर, घालायचा, उचकटायची, आकडा मोडायचा, प्लास्टिकला ओरखडा पडायचा, मंग गिऱ्हाईक बोंब मारायचं. मला आतून लई व्हायचं, पन माझं काम बादलीचं, आपन कामून बोलायचं.

तर एक दिवस, दुपारचे बारा वाजले असतील, ऊन असं पडलं व्हतं की बादलीतलं पानी कोमट झालेलं, संतोष नावाचा डायवर पांढरी गाडी घेऊन आला. पाव्हन्यांना वेरूळला फिरवायचं काम त्याचं, गाडी शेठची. डायवरच्या दरवाजाची काच सटकून आत पडलेली. तीन वाजता इमानतळावरून पाव्हने घ्यायचे, आन काच नसल्यावर एसी काय कामाचा, धूळ काय ती निराळीच. काच काढायची तर पॅड काढावं लागतं, पॅड काढायचं तर दोन स्क्रू, आन त्या स्क्रूवर दोन टोप्या. सकाळी दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं पेचकस लावून बगितला व्हता, टोपी निघाली नाय, कडंला ओरखडा तेवढा उठला. संतोष सांगत व्हता. शेठ म्हनलाय, अजून एक ओरखडा दिसला की चावी ठेवून घरी जायचं. त्याला लहान लेकरू हाय, बायको माहेरी, हेच सांगायला लागला.

सलीमभाईनं पेचकस घेतला आन टोपीला लावला. मी बाजूच्या गाडीचं चाक धूत व्हते. त्याचा हात बगितला आन माझ्या तोंडातून निघून गेलं, भाई, थांबा. कुठून निघालं मला बी कळलं नाय. गॅरेजातले सगळे माझ्याकडं बगायला लागले. सलीमभाई म्हनला, सुमनबाई, तुम पानी मारो, ये काम रहने दो. मी म्हनलं, भाई, आकडा त्या अंगाला हाय, तुमी आकड्याकडूनच उचकटायले, मोडंल तो. तो म्हनला, तुमको कैसे मालूम. मी म्हनलं, सहा वर्षं मी ह्याच टोप्या बसवल्या. दो साल से तुम इधर हो, म्हनला. मी म्हनलं, व्हय. मंग त्यानं पेचकस खाली ठेवला आन बाजूला सरकला.

लोखंड लावायचंच नाय, हे पयलं. मी जुन्या दातघासनीची दांडी मागितली, पायरीच्या दगडावर घासून तिचं टोक पातळ केलं, पानासारखं. टोपीच्या भवती कागदाची चिकटपट्टी लावली, म्हंजी दांडी सटकली तरी पॅडला खरचटनार नाय. आन मंग कुंडीच्या अंगानं टोक घातलं. ओढायचं नसतं ताई, जराशी दाबायची आन आकड्याकडं सरकवायची, मंग ती आपल्या पायानं बाहेर येती. आली. टक. पयली टोपी माझ्या हातात, सगळी शाबूत. संतोषनं हात जोडले.

पन दुसरी हलंना. दांडी वाकली, टोपी तशीच. मी डोळा लावून बगितलं तर कडंला पांढरी रेघ. कुनीतरी आधी गम लावून चिकटवली व्हती, निघत असंल सारखी. आता आली का पंचाईत. तोंडातून शब्द गेलेला, समदे उभे, घड्याळ पळायलं. संतोष म्हनला, मावशी, जाऊ द्या, फोडा, मी सांगतो शेठला काय सांगायचं ते. मी म्हनलं, गप बस, लेका. शेजारच्या चहावाल्याकडून गरम पानी आनलं, फडकं बुडवून पिळलं आन टोपीवर दाबून धरलं. गार झालं की पुन्हा. पुन्हा. सलीमभाई सोता पानी आनून द्यायला लागला. असं चारदा केलं, मंग दांडीच्या टोकानं टोपीची कड केसभर उचलली. माझ्या पिशवीत गोधडीचा दोरा व्हता, जेवनाच्या सुट्टीत शिवत बसते मी, तो कडंखाली घातला आन हळूहळू, इकडून तिकडं, इकडून तिकडं, करवतीसारखा ओढत गेले. गम कुरकुर करत सुटायला लागला. आन सुटली, ताई. तळहातावर येऊन पडली, आकडा शाबूत, कुंडी शाबूत, पॅडला नवा एक बी ओरखडा नाय. मी तिथंच फतकल मारून बसले, आन हसू आवरंना.

पुढचं सलीमभाईनं केलं. पॅड उघडलं, काच तिच्या पकडीतून निसटली व्हती, बसवली, वर खाली करून बगितली. टोप्या बसवायची येळ आली तव्हा तो म्हनला, सुमनबाई, ये तुम लगाओ, मेरे को आवाज सुनाओ. मी दाबली, टक. म्हनला, हां, अब सुना. संतोष पळाला, पोचला बी येळेवर, आन इमानच अर्धा घंटा लेट. संध्याकाळी फोन केला त्यानं, शेठनं गाडी बगितली, सकाळचा ओरखडा दिसला त्याला, संतोषनं खरं तेच सांगितलं, दोन शिव्या खाल्ल्या, पन चावी त्याच्याकडंच राहिली.

तव्हापासून बादली सुटली नाय, पन कमी झाली. चाकाच्या नटावर स्टीलच्या टोप्या असतात, आतल्या गंजानं फुगतात, त्या बी काढते आता, आधी तेल सोडते, मुरू देते, घाई करत नाय. चिकलठाण्याकडचे, जालना रोडचे गॅरेजवाले फोन करतात, काकूंना पाठवा म्हनतात, आन सलीमभाई ऐटीत सांगतो, काकू बिझी हाय. थोरली पोरगी म्हनती, आई, तुझं कार्ड छापू. आमचे मालक हसतात, म्हनतात सातवी पास इंजिनेर. हसू द्या. सकाळी गॅरेजला जाताना माझे पाय असे झपाझप पडतात ना, लग्नात नवी नवरी असताना बी पडले नसतील.

आता माझा चहा गार झाला, तुमचा बी झाला असंल. सलीमभाईच्या हाताला बरकत राहो, त्या संतोषच्या लेकराला आयुष्य लाभो, पोरी माझ्या सुखात राहोत. आन ताई, तुमच्या गाडीला माझी गरज न पडो. पडलीच, तर मी येईपोतर कोनाला पेचकस लावू देऊ नका.