बाभळीवरचा बर्फ

बसा मंडळी, पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलात तर झोप लागेल, आणि झोपलेल्या माणसाला प्रभू जागं करतो की नाही ठाऊक नाही, पण मी करतो!

आज एकच प्रश्न. अभिमान म्हणजे पाप, असं आपण लेकरांना शिकवतो. बरोबर? मग लेकराला पहिला दात आला की आई सगळ्या आळीला तोंड उघडून दाखवते – तिला काय नरकात घालायचं? बोला की! मग अभिमान पापाचा कुठला आणि पुण्याचा कुठला?

तर ऐका. नगरकडं एक दगडवाडी. वाडी केवढी? या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ‘प्रभू भलं करो’ म्हणतात, एवढी! तिथं आपल्या ख्रिस्ती लोकांचं एक लहान मंदिर. दगडी भिंती, वर पत्रा, उगवतीकडं चार खिडक्या. त्या खिडक्यांच्या काचा बसवल्या दाविदतात्यानं. खडी फोडणारा माणूस, पण भजनाला ढोलकी घेऊन बसला की पत्रासुद्धा ताल धरायचा. खडीची धूळ छातीत गेली आणि माणूस गेला. मागं राहिली बायको, एस्तेरमावशी. आणि राहिला एक एक्स-रे. तात्यानं जन्मात फोटो काढला नव्हता. माणसाचं चित्र म्हणून घरात तेवढंच – छातीच्या बरगड्या!

मावशीनं काय केलं? कात्री घेतली, आणि त्या बरगड्यांच्या मधोमध एक छाप कापला. एक बाभूळ. बाभळीखाली मेंढी, तिच्या पोटाशी कोकरू, वर चांदणी. दर नाताळात हा छाप दारात ठेवायचा, वरून रांगोळी चाळायची. उचलला की कोकरू उभं!

आता त्या वर्षी काय झालं, नाताळाच्या एकत्र उपासनेची पाळी आली दगडवाडीवर. साऱ्या तालुक्याची मंडळी येणार! मागं एकदा आली होती, तेव्हा कोणीतरी जाताना बोललं, “गोठ्यात बसल्यासारखं वाटलं.” ते वाडीला लागलं होतं. का लागावं, मी म्हणतो? अहो, ज्याचा वाढदिवस तो जन्मला कुठं? पण लागलं खरं!

मंडळीचा कारभारी शांतवन. टेंपो चालवायचा, पुण्याला जायचा. तो पुण्याहून बर्फ घेऊन आला. हसू नका! डब्यातला बर्फ. दाबला की फुस्स करून पांढरा फेस. सोबत प्लास्टिकचे छाप – नाताळाच्या चित्रातली सूचीची झाडं, शिंगांची हरणं.

मावशी छाप पदराखाली घेऊन आली. म्हणाली, “शांतवना, एक खिडकी मला दे. कोपऱ्यातली दे. काच त्यांनीच बसवलीय.”

शांतवन म्हणाला, “मावशी, एक्स-रे? पाहुणे विचारतील, हे मंदिर आहे का दवाखाना!”

लोक हसले. मावशीनं छाप पदरात गुंडाळला आणि गेली.

आता या लोकांनी फवारलं कसं? आपल्याकडं नाताळाला भिंतीला चुना कुठून देतात? रस्त्याच्या बाजूनं! येणाऱ्याला दिसायला पाहिजे ना! तसाच बर्फ फवारला – बाहेरून. डब्यावर लिहिलं होतं, काचेच्या आतून मारा. पण वाचतो कोण? मंडळी, अक्षर येत नव्हतं तेव्हा आम्ही चार जणांना विचारून काम करायचो. आता येतं, तर विचारतही नाही आणि वाचतही नाही!

संध्याकाळी काय शोभा! शांतवन रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचा, “बघा, बघा!”

आणि पहाटे पडलं दव. असं दव, की पत्र्यावरून टपटप गळत होतं. उजाडलं तेव्हा हरणांची शिंगं गळ्यात, झाडं गुडघ्यात, आणि सगळा बर्फ ओघळून दगडावर! एक शेळी येऊन चाटून गेली, तिलाही आवडला नाही!

आत लाव रे दिवा, उजळेल अंगण सारे ।
वरवरचे रंग बापा, नेतील पहाटवारे ॥

पाहुणे तिकडून निघालेले. शांतवन मावशीच्या दारात. मावशी करंज्या तळत होती.

“मावशी, तो छाप द्या.”

“कुठला बाबा? दवाखान्यातला?”

“मावशी, लाज काढू नका.”

“मी कुठं काढतेय? ती खिडकीवरून आपोआप गळतेय!”

बरोबर बोलली की नाही? तिचा अधिकार होता! झाला आता अभिमान पुरा. दार लावून करंजी खायची! पण मावशीनं झारा खाली ठेवला. छाप उजेडात धरला. जुना, पातळ झालेला. फेसानं चिकटला, ओढताना फाटला, तर दाविदतात्या दुसऱ्यांदा जाणार होता. पण तिकडं तात्याचं मंदिर पुन्हा गोठा ठरणार होतं.

“डबे उरलेत का?” तिनं विचारलं.

“दोन आहेत.”

“मग चल. धरणार मी, मारायचं तू. आणि आतून. तुझ्या तात्यांनी कधी मंदिराच्या बाहेर उभं राहून ढोलकी वाजवली नाही.”

चार काचा झाल्या. दर वेळी ती छाप नखानं उचलायची, आणि शांतवन श्वास धरायचा. शेवटच्या काचेला कोपरा फाटला. कोकराला काही लागलं नाही!

पाहुणे आले. ऊन वर आलं आणि चारही खिडक्यांतून बाभळीची सावली आत पडली – पाहुण्यांच्या टोप्यांवर, पदरांवर. एका बाईच्या मांडीवर तर कोकरूच येऊन बसलं! मोठे पाळक चष्मा पुसत म्हणाले, “अहो, बाभळीवर बर्फ? कुठं पाहिलात?”

शांतवन उठला. मंडळी, ‘पुण्याहून आणलंय’ असं खोटं तो बोलू शकला असता. म्हणाला, “साहेब, सूचीचं झाडही आम्ही कुठं पाहिलंय? बाभूळ रोज बघतो. प्रभू दगडवाडीत जन्मला असता, तर त्याची मेंढरं हिच्याच खाली बसली असती.”

“छाप कुणाचा?”

“आमच्या दाविदतात्याचा. त्याच्या छातीतून काढलाय. मावशीनं.”

मावशीनं मान खाली घातली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! वर केली! पदर सावरला, आणि चारही काचांकडं असं बघितलं, जशी लेकराचा दात दाखवणारी आई. आणि वाडीतल्या प्रत्येकाची मान तिच्याबरोबर वर झाली. तो अभिमान पाप असेल, तर मला ते पाप रोज मिळो!

आता तुम्ही सांगा. तुमच्याही घराला खिडक्या आहेत. नवी गाडी, नवं घर, मुलीच्या लग्नाचा मांडव – फवारा मारताय, मारा! पण घरी गेल्यावर एकदा बघा, हात कुठल्या बाजूला आहे? रस्त्याच्या, की आतल्या? कारण दव, बाबांनो, सगळ्यांच्या खिडकीवर पडतं.